स्वस्त वायरलेस हेडफोन: आधी अस्सलपणाची खात्री, मग आवाजाची सुधारणा

या परीक्षणासाठी घेतलेला हेडफोन एका नामांकित कंपनीच्या परवडणाऱ्या श्रेणीतला आहे. संपूर्ण कान झाकणारे, पाठीमागून बंद असलेले कप, त्यांत ४० मिलिमीटरचे ड्रायव्हर (प्रत्यक्ष आवाज निर्माण करणारे छोटे स्पीकर), यूएसबी-सी चार्जिंग आणि गरज पडल्यास ३.५ मिलिमीटरची केबल जोडण्याची सोय, असे त्याचे साधे स्वरूप असून बाहेरचा गोंगाट इलेक्ट्रॉनिक पद्धतीने कमी करणारी यंत्रणा त्यात नाही. माझ्याकडे त्याचे दोन नग होते. एक कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून घेतलेला आणि दुसरा एका ऑनलाइन बाजारपेठेतील अनोळखी विक्रेत्याकडून, डोळ्यांत भरण्याइतक्या सवलतीत आलेला. हा दुसरा नग नकली निघाला. कंपनीचे किंवा विक्रेत्याचे नाव मी येथे देत नाही, कारण पुढे सांगितलेली पारख आणि सुधारणा या घडणीच्या जवळपास प्रत्येक हेडफोनला लागू पडते.

माझे मत आधीच सांगून टाकतो. अस्सल नग घेण्याजोगा आहे, मात्र खोक्यातून काढल्या काढल्या तो जसा वाजतो तसा तो ठेवू नये. इक्वलायझर (आवाजाच्या वेगवेगळ्या पट्ट्या कमी-जास्त करणारे साधन), चांगल्या गाद्या आणि कपाच्या आतले थोडे काम एवढ्यावर त्याचा आवाज बराच वरच्या श्रेणीतल्या हेडफोनच्या जवळ जातो. नकली नगावर मात्र यातले काहीही करण्यात अर्थ नाही. अस्सल हेडफोनची मोजमापे कोणीतरी केलेली असतात, त्यांवर आधारलेल्या दुरुस्त्या उपलब्ध असतात आणि एका नगावर लागू पडलेली सुधारणा दुसऱ्या नगावरही बरीचशी लागू पडते. नकली मालात एका खेपेत एक ड्रायव्हर आणि पुढच्या खेपेत दुसराच, असा प्रकार चालतो. इतकेच काय, एकाच नगाच्या डाव्या आणि उजव्या कपांत वेगवेगळे वाजणारे ड्रायव्हर सापडतात. जिथे पायाच निश्चित नाही तिथे दुरुस्ती कशाची करायची?

पारख करताना बहुतेक जण खोक्यापासून सुरुवात करतात आणि बऱ्याचदा तिथेच थांबतात. छपाईतल्या चुका, फिकट रंग, वेडावाकडा लोगो या खुणा पूर्वी उपयोगी पडत. आता नकली खोके अस्सल खोक्याच्या शेजारी ठेवूनही ओळखता येऊ नये इतके चांगले छापलेले असते. खोक्यावरचा क्यूआर कोड स्कॅन करून ‘हे उत्पादन अस्सल आहे’ असे हिरव्या अक्षरांत दिसले, तरी तो कोड कोणत्या संकेतस्थळावर घेऊन गेला हे पाहिल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नये. कंपनीच्या नावासारखाच दिसणारा, एखादे अक्षर किंवा जोडरेघ जास्त असलेला पत्ता बनवून तिथे प्रत्येक कोडला होकार देणारे पान ठेवणे अगदी सोपे असते. कंपनीच्या संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करावा आणि तिथे अनुक्रमांक भरून पाहावा. हा अनुक्रमांक खोक्यावर, हेडफोनवर आणि जिथे अॅप आहे तिथे अॅपमध्ये एकच असायला हवा. माझ्या नकली नगाच्या खोक्यावरचा अनुक्रमांक खरा होता, कारण तो कुठल्या तरी खऱ्या खोक्यावरून उचललेला होता. हेडबँडच्या आतल्या बाजूला छापलेला क्रमांक मात्र वेगळाच होता आणि कंपनीच्या नोंदीत तो नव्हताच.

वजनावरून ओळखण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे, कारण नकली माल बनवणाऱ्यांनाही तो ठाऊक असतो. दोन्ही नग काट्यावर ठेवले तेव्हा फरक नगण्य निघाला आणि पुढे नकली नग उघडल्यावर त्याचे कारण समजले: कपाच्या तळाशी गोंदाने चिकटवलेली लोखंडाची एक चपटी पट्टी, जिचा आवाजाशी किंवा मजबुतीशी काहीही संबंध नव्हता. या संदर्भात २०१५ मधली एक घटना आठवते. अमेरिकेतल्या बोल्ट या गुंतवणूक संस्थेतील एका अभियंत्याने बीट्स कंपनीचा हेडफोन उघडून त्यातले धातूचे भाग केवळ वजन वाढवण्यासाठी घातल्याचे लिहिले. तो लेख जगभर गाजला आणि नंतर लक्षात आले, की त्याने उघडलेला नगच नकली होता. व्यवसायाने यंत्रे उघडून पाहणाऱ्याचीही फसगत होऊ शकते, तर सामान्य ग्राहकाने केवळ हाताला जाणवणाऱ्या जडपणावर विसंबून राहू नये.

भरवशाची पारख सुरू होते ती हेडफोन फोनला जोडल्यावर. प्रत्येक ब्लूटूथ उपकरणाला ४८ बिटांचा एक पत्ता असतो आणि तो बारा अंक-अक्षरांच्या रूपात दिसतो. त्यातला पहिला अर्धा भाग, म्हणजे २४ बिट, आयईईई ही संस्था उत्पादकांना नेमून देते व त्याची यादी सर्वांना पाहता येते. अस्सल नगाच्या पत्त्याचा पहिला भाग या यादीत शोधला असता तो ब्लूटूथ मॉड्यूल पुरवणाऱ्या एका ओळखीच्या उत्पादकाच्या नावावर निघाला. नकली नगाच्या पत्त्याचा पहिला भाग कोणाच्याच नावावर नव्हता. हेडफोनच्या कंपनीचे स्वतःचे नाव तिथे दिसलेच पाहिजे असे नाही, कारण अनेक कंपन्या तयार मॉड्यूल विकत घेतात. शिवाय कमी ऊर्जेच्या ब्लूटूथवर काही उपकरणे मुद्दाम बदलता पत्ता दाखवतात, म्हणून संगीतासाठी प्रत्यक्ष जोडणी झाल्यावर सेटिंगमध्ये दिसणारा पत्ताच तपासावा. याच्या जोडीला ब्लूटूथ एसआयजी या संघटनेकडे पात्र ठरलेल्या उत्पादनांची खुली नोंद असते, आणि हेडफोनवर एफसीसी आयडी छापलेला असेल तर त्या क्रमांकाने अमेरिकी दूरसंचार आयोगाच्या संग्रहात बहुधा आतल्या भागांची छायाचित्रेसुद्धा सापडतात. ही छायाचित्रे फार मोलाची असतात, कारण हेडफोन उघडल्यावर आतला सर्किट बोर्ड त्यांच्याशी ताडून पाहता येतो.

दुसरी तपासणी कोडेकची, म्हणजे ब्लूटूथवरून पाठवण्यासाठी आवाज आटोपशीर करण्याच्या पद्धतीची. अँड्रॉइड फोनमध्ये डेव्हलपर पर्याय सुरू केले, की हेडफोन आणि फोन सध्या कोणत्या कोडेकने बोलत आहेत ते दिसते. नेहमीच्या (क्लासिक) ब्लूटूथवर संगीत वाजवणाऱ्या प्रत्येक उपकरणात एसबीसी हा कोडेक असावाच लागतो; एएसी, अॅप्टएक्स, एलडॅक हे ऐच्छिक आहेत. खोक्यावर एलडॅक छापले आहे आणि यादीत केवळ एसबीसी निवडता येतो, अशी स्थिती असेल आणि फोन स्वतः एलडॅक पुरवत असेल, तर निष्कर्ष उघड आहे. माझ्या अस्सल नगावर एसबीसी आणि एएसी एवढेच लिहिलेले होते आणि तेवढेच यादीत आले. नकली नगाच्या खोक्यावरही तेच छापले होते, पण प्रत्यक्षात फक्त एसबीसी मिळाला. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. एसबीसी आहे म्हणून आवाज वाईट असतो असे नाही. उच्च दर्जाच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये तो सेकंदाला ३२८ किलोबिट पाठवतो आणि या श्रेणीतल्या ड्रायव्हरच्या मर्यादा त्याच्या मर्यादांपेक्षा कितीतरी आधी कानांवर येतात. कोडेकची यादी ही येथे ओळखपत्र म्हणून उपयोगाची आहे, आवाजाच्या दर्जाचे प्रमाणपत्र म्हणून नव्हे.

बॅटरीची तपासणीही सोपी आहे. चार्जर आणि हेडफोन यांच्या मध्ये यूएसबी मीटर जोडावा, हेडफोन पूर्ण उतरल्यावर बंद ठेवून चार्ज करावा आणि मीटरने किती मिलिअँपिअर-तास नोंदवले ते पाहावे. अशा लहान उपकरणांत बहुधा साधा लिनिअर चार्जर असतो, ज्यात आत येणारा प्रवाह आणि बॅटरीत जाणारा प्रवाह जवळपास सारखाच असतो. त्यामुळे मीटरवरचा आकडा आणि बॅटरीची खरी क्षमता यांत फार अंतर राहत नाही. अस्सल नगावर ५०० मिलिअँपिअर-तास लिहिलेले होते आणि मीटरवरचा आकडा त्याच्या आसपासच थांबला. नकली नग त्याच्या निम्म्यापर्यंतही पोहोचला नाही.

कानांनी करायची तपासणी मी शेवटी ठेवली, कारण स्वस्त वस्तूबद्दलचा पूर्वग्रह कानांवर फार लवकर परिणाम करतो. एकाच वाहिनीत ध्वनिमुद्रित केलेला गायकाचा आवाज लावावा. तो कपाळाच्या नेमका मध्यभागी ऐकू यायला हवा. एका बाजूला सरकला तर दोन ड्रायव्हर जुळलेले नाहीत, आणि कुठेच न ठरता डोक्याभोवती पसरल्यासारखा वाटला तर एका ड्रायव्हरच्या तारा उलट जोडलेल्या आहेत. त्यानंतर २० हर्ट्झपासून २० हजार हर्ट्झपर्यंत हळूहळू चढत जाणारा एकच सूर मध्यम आवाजात ऐकावा. अस्सल नगात तो सूर काही ठिकाणी फुगला, काही ठिकाणी दबला, पण त्यात खरखर नव्हती आणि तो मध्यभागातून फारसा हलला नाही. नकली नगात सुमारे १०० हर्ट्झच्या खाली कपाचे प्लॅस्टिक थरथरू लागले आणि वरच्या पट्टीत सूर उजवीकडे सरकत गेला. ज्यांच्या हेडफोनला गोंगाट कमी करणारी यंत्रणा आहे त्यांनी संगीत बंद ठेवून पंख्याजवळ बसावे आणि ती सुरू-बंद करून पाहावी. खरी यंत्रणा असेल तर पंख्याची खालच्या पट्टीतली सलग घरघर स्पष्ट कमी होते आणि बोलण्याचे आवाज मात्र बरेचसे तसेच राहतात; नकली हेडफोनमध्ये बटण दाबल्यावर एखादी सूचना ऐकू येते, कधी संगीताचा पोत बदलतो, पण घरघर जागची हलत नाही.

आता अस्सल नगाच्या मूळ आवाजाकडे वळतो. या श्रेणीतल्या बहुतेक हेडफोनांप्रमाणे याचाही खर्ज मुद्दाम फुगवलेला आहे, आणि तो अगदी तळाशी न फुगवता १५० ते ३०० हर्ट्झच्या पट्ट्यात फुगवला आहे, हे जास्त त्रासदायक आहे. डग्ग्याचा घुमारा त्यामुळे सुटा न राहता पुरुष गायकाच्या आवाजावर साचतो. २ ते ४ हजार हर्ट्झच्या दरम्यान खळगा आहे. शब्दांची व्यंजने आणि तानपुऱ्याची जवारी यांचा जिवंतपणा बराचसा याच पट्ट्यात असल्याने तानपुरा एखाद्या सपाट, गोड गुणगुणीसारखा ऐकू येतो. त्यावर पुन्हा ७ हजार हर्ट्झच्या आसपास एक टोक आहे, ज्यामुळे ‘स’ आणि ‘श’ टोचतात. केबल जोडून ऐकल्यावर मात्र वेगळीच गोष्ट समजली. केबलवर या हेडफोनचे आतले इलेक्ट्रॉनिक्स वगळले जाते आणि तेव्हा खर्जाचा फुगवटा बराच कमी असतो. याचा अर्थ फुगवट्याचा मोठा भाग ड्रायव्हरचा नसून कारखान्यात आत भरलेल्या ध्वनिसंस्कारांचा आहे. ही आनंदाचीच बाब मानायला हवी, कारण इलेक्ट्रॉनिक पद्धतीने वाढवलेले इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेच कमी करता येते आणि ड्रायव्हरची स्वतःची कुवत दिसते त्यापेक्षा चांगली आहे.

म्हणून पहिली सुधारणा इक्वलायझरची, आणि तिला पेचकसही लागत नाही. विंडोजवर इक्वलायझर एपीओ, अँड्रॉइडवर वेव्हलेट, लिनक्सवर ईझीइफेक्ट्स ही साधने मोफत किंवा जवळपास मोफत मिळतात. ऑटोइक्यू या खुल्या प्रकल्पात हजारो हेडफोनांच्या मोजमापांवरून काढलेल्या दुरुस्त्या तयार आहेत. त्यांतील बऱ्याचशा हरमन कंपनीत शॉन ऑलिव्ह, टॉड वेल्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी श्रोत्यांच्या पसंतीचा अभ्यास करून मांडलेल्या लक्ष्यवक्रावर, म्हणजे कोणत्या पट्टीत आवाज किती असावा याच्या आलेखावर, बेतलेल्या असतात. तयार दुरुस्ती हा चांगला आरंभबिंदू आहे, पण तिच्यातले ८ हजार हर्ट्झच्या वरचे बारीक चढउतार मी काढून टाकतो, कारण तिथे प्रत्येकाच्या कानाची घडण आणि हेडफोन डोक्यावर बसण्याची पद्धत यांनी आवाज इतका बदलतो, की दुसऱ्याच्या मोजमापावरून केलेली सुधारणा आपल्यासाठी बिघाड ठरू शकते. कप उघडण्यापूर्वीची माझी मांडणी अगदी साधी राहिली: २०० हर्ट्झभोवती रुंद पट्ट्यात ४ डेसिबलने घट, ३ हजार हर्ट्झभोवती ३ डेसिबलने वाढ, आणि ७ हजार हर्ट्झच्या टोकावर अरुंद पट्ट्यात ३ डेसिबलने घट. कुठेही वाढ केली असेल, तर तेवढ्याच डेसिबलने एकूण पातळी आधी खाली आणणे आवश्यक असते. ती काळजी घेतली नाही तर मोठ्या आवाजाच्या जागी ध्वनिलहरींची शेंडी छाटली जाते आणि जी कर्कशता ऐकू येते तिचा दोष लोक हेडफोनला देतात.

इक्वलायझरला हात लावण्यापूर्वी गाद्या कानांभोवती नीट बसतात की नाही, हे मात्र पाहून घ्यावे. बंद पाठीच्या हेडफोनमध्ये खर्ज टिकतो तो गादी आणि त्वचा यांच्यामधल्या हवाबंद जोडणीमुळे. चष्म्याची काडी गादीखाली जाते तिथे एक चिंचोळी फट राहते आणि तेवढ्यातून तळाचा खर्ज निसटतो. चष्मा लावूनच ऐकणार असाल तर मोजमाप, तुलना, इक्वलायझर हे सारे चष्मा लावूनच करावे. या हेडफोनच्या मूळ गाद्या उथळ आणि कडक आहेत. कानाची पाळी आतल्या जाळीला टेकते आणि काही वेळाने दुखू लागते. मी त्याच मापाच्या, पण अधिक खोल आणि मऊ फोमच्या, वरून कृत्रिम चामड्याच्या गाद्या बसवल्या. आराम तर वाढलाच, शिवाय ड्रायव्हर कानापासून किंचित लांब गेल्यामुळे आवाज डोक्याच्या आत दाटण्याऐवजी थोडा बाहेर मांडल्यासारखा झाला. मखमली गाद्या मी बसवून पाहिल्या आणि काढून ठेवल्या: त्या गरम होत नाहीत, परंतु कापडातून हवा निसटते आणि खर्ज इतका खाली जातो, की तो इक्वलायझरने परत आणताना लहानशा ड्रायव्हरवर ताण येतो. गादी बदलली की आधीची दुरुस्ती रद्द समजावी आणि ऐकण्याला नव्याने सुरुवात करावी, कारण गादी हा या वाद्याचा भागच आहे.

कप उघडण्याचा निर्णय यानंतरचा, आणि तो घेण्यापूर्वी वॉरंटी सोडण्याची तयारी हवी. गादी काढल्यावर तिच्या कडेखाली लहान स्क्रू दिसतात. ते काढल्यावर ड्रायव्हरची चकती उचलता येते, पण ती झटक्याने ओढू नये, कारण तिच्या तारा केसासारख्या बारीक असतात आणि सोल्डरच्या जागेपासून तुटतात. एका कपात सर्किट बोर्ड आणि बहुधा दुसऱ्या कपात लिथियम पॉलिमर बॅटरी असते. ही बॅटरी मऊ पाकिटात असते आणि तिला टोचणे, वाकवणे किंवा तिच्याजवळ तापलेला सोल्डर टेकवणे धोक्याचे आहे. तिच्या दोन्ही तारा एकाच वेळी कधीही कापू नयेत. कात्रीची पाती दोन्हींना एकदम टेकली की शॉर्ट होतो. केवळ आवाज सुधारायचा असेल तर बॅटरीला हात लावण्याची गरजच पडत नाही.

आतले दृश्य या श्रेणीत नेहमी दिसते तसेच होते. रिकामा, कडक प्लॅस्टिकचा कप आणि ड्रायव्हरच्या पाठीमागून येणाऱ्या आवाजाला अडवणारे काहीच नाही. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ५ सेंटिमीटर अंतर असेल, तर ज्या सुराची अर्धी तरंगलांबी त्या अंतराएवढी असते तो सूर तिथे कोंडून घुमतो. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरला तर हा सूर ३४०० हर्ट्झच्या जवळपास येतो. कान सर्वांत तीक्ष्ण असतो तो नेमका याच भागात. कपाच्या पाठीशी पातळ लोकरी फेल्ट आणि त्यावर सैल पिंजलेला पॉलिएस्टरचा पातळ थर ठेवला, की हा घुमारा मावळतो. ठासून भरण्याचा मोह टाळावा. जास्त भरल्यास आवाज मंद आणि निर्जीव होतो आणि खर्जाचा आकार बिघडतो. भिंतींवर चिकटणाऱ्या पुट्टीचे छोटे तुकडे दाबून बसवल्याने प्लॅस्टिकची थरथर कमी झाली, पण कपावर बोटाने टकटक केल्यावर जितका फरक ऐकू येतो तितका संगीतात येत नाही, हे नमूद करणे मला आवश्यक वाटते.

सर्वांत मोठा परिणाम साधला तो कपाला असलेल्या छोट्या हवेच्या छिद्रावर. हे छिद्र पूर्ण बंद केले तर आतली हवा अधिक ताठ होते, तळाचा खर्ज कमी होतो आणि वरचा भाग उठून येतो. पूर्ण उघडे असताना मधल्या खर्जाचा फुगवटा होतो. जखमेच्या पट्टीवर वापरतात त्या सच्छिद्र कागदी टेपचा एक थर त्यावर लावला, की हवा जाते पण अडखळत जाते, आणि २०० हर्ट्झभोवतीचा फुगवटा इक्वलायझरशिवाय खाली येतो. दुसरा थर लावल्यावर खर्ज माझ्या आवडीपेक्षा सुकला, म्हणून मी एकावरच थांबलो. ७ हजार हर्ट्झच्या टोकासाठी ड्रायव्हरच्या समोर पातळ टिश्यू कागदाचा एकपदरी गोल ठेवला; टोचणे कमी झाले आणि इक्वलायझरमधली ती घट निम्म्यावर आणता आली.

हे बदल खरोखर ऐकू येतात की मेहनतीमुळे तसे वाटते, हे ठरवण्याची एक चांगली रीत आहे. प्रत्येक बदल आधी एकाच कपात करावा, एकवाहिनी ध्वनिमुद्रण लावावे आणि फोनमधला डावा-उजवा समतोल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवत ऐकावे. मग हेडफोन उलटा घालून तेच पुन्हा ऐकावे, म्हणजे आपल्या दोन कानांमधला फरक हिशेबातून जातो. दोन्ही बाजूंची पातळी सारखी राखणे येथे महत्त्वाचे आहे. किंचित मोठा आवाज नेहमी अधिक चांगला वाटतो, आणि पातळी बदलली की खर्ज आणि वरचे सूर यांचे जाणवणारे प्रमाणही बदलते. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवले आहे. अशा तुलनेत फेल्ट, टेप आणि टिश्यू कागद टिकले. पुट्टी जेमतेम टिकली. आतल्या तारा बदलण्याचा जो सल्ला अनेक जण देतात तो मी आजमावला आणि मला काहीही फरक ऐकू आला नाही. इतक्या आखूड तारेत तो ऐकू येण्याचे कारणही दिसत नाही.

दोन सावधगिऱ्या वायरलेस हेडफोनपुरत्या खास आहेत आणि तारेच्या हेडफोनसाठी लिहिलेल्या सल्ल्यांत त्या आढळत नाहीत. गाडीच्या दारांत कंपन कमी करण्यासाठी लावतात ती अॅल्युमिनियमच्या पाठीची ब्युटाइल शीट सर्किट बोर्ड असलेल्या कपात लावू नये. अँटेना २.४ गिगाहर्ट्झवर काम करते आणि तिच्याजवळ धातूचा पत्रा आला की शेजारच्या खोलीत जाताच आवाज तुटू लागतो. पत्र्याची कड बोर्डाला टेकली तर शॉर्टही होऊ शकतो. दुसरे असे, की गोंगाट कमी करणारी यंत्रणा असलेल्या हेडफोनच्या आत हे प्रयोग करूच नयेत. ती यंत्रणा ड्रायव्हर, माइक, कप आणि गादी यांच्या मिळून होणाऱ्या वर्तनावर कारखान्यात जुळवलेली असते. छिद्रावर टेप लावला किंवा वेगळी गादी बसवली की ती जुळणी ढळते. गोंगाट कमी होण्याऐवजी काही पट्ट्यांत वाढतो, आणि कधी कधी शिट्टीसारखा आवाजही सुरू होतो. तिथे इक्वलायझरपाशीच थांबावे.

काही उणिवा कोणत्याही सुधारणेने जात नाहीत. शांत खोलीत, संगीत थांबले की अॅम्प्लिफायरची हलकी सरसर ऐकू येते आणि ती आवाज कमी केला तरी तशीच राहते. ४० हर्ट्झच्या खाली वाढ केली तर ड्रायव्हरचा पडदा लवकर दमतो आणि खर्ज फाटतो. कॉलवर बोलताना माइक सुरू होताच जोडणी संगीताच्या मार्गावरून फोनच्या मार्गावर जाते, जिथे सेकंदाला १६ हजार किंवा जुन्या पद्धतीत केवळ ८ हजार नमुने पाठवले जातात, आणि सारी मेहनत त्या काळापुरती निष्प्रभ होते. ज्यांचा वापर प्रामुख्याने बैठकांसाठी आहे त्यांनी वेगळा माइक वापरून हेडफोन फक्त ऐकण्यासाठी जोडावा.

टिकाऊपणाबाबत मी समाधानी आहे. बिजागऱ्या घट्ट आहेत, हेडबँडची पट्टी धातूची आहे, गाद्या प्रमाणित मापाच्या असल्याने सहज बदलता येतात, आणि बॅटरीवर तिच्या मापांचा संकेत स्पष्ट छापलेला आहे: ६०२०३० असा क्रमांक असेल तर जाडी ६ मिलिमीटर, रुंदी २० आणि लांबी ३०. त्याच मापाची, तेवढ्याच व्होल्टेजची आणि संरक्षक सर्किट असलेली बॅटरी बसवून घेता येते, आणि सोल्डरिंगचा सराव नसेल तर ते काम जाणकाराकडे द्यावे. मी ज्या अवस्थेत हा हेडफोन आणून ठेवला आहे, म्हणजे खोल गाद्या, कपात फेल्ट, छिद्रावर एकपदरी टेप आणि इक्वलायझरमध्ये दोन-तीन सौम्य बदल, त्या अवस्थेत डग्गा आणि गायकाचा आवाज एकमेकांपासून सुटे ऐकू येतात आणि तानपुऱ्याच्या प्रत्येक तारेची जवारी वेगळी मोजता येते. अधिकृत विक्रेत्याकडून मिळत असेल आणि थोडे हाताने काम करण्याची तयारी असेल, तर हा हेडफोन घ्यावा; जशाच्या तसा वापरायचा असेल, तर किमान इक्वलायझर वापरता येणाऱ्या फोनवरच तो घ्यावा.